सर्व्हरवर शिरायला कोणतं साधन? पुटी, मोबाएक्सटर्म, टर्मियस आणि विंडोजमधलंच ओपनएसएसएच

सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही नवं टर्मिनल साधन दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: टॅब आहेत का? दुसरा: पासवर्ड लक्षात ठेवतं का? प्रश्न गैर नाहीत, पण त्यांच्या आधी दोन गोष्टी बघायला हव्यात. तुमची प्रायव्हेट की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त किल्ली) हे साधन कुठे आणि कशी ठेवतं, आणि समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे ते किती काटेकोरपणे तपासायला लावतं. रंग, फॉन्ट, टॅब यांचा विचार त्यानंतर.

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे बोलायचा प्रोटोकॉल म्हणजे एसएसएच, आणि तो जन्माला आला तोच पासवर्ड चोरीमुळे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपण्याचा प्रकार घडला आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी टेलनेट, आरलॉगिन या जुन्या, असुरक्षित पद्धतींच्या जागी हा प्रोटोकॉल लिहिला. १९९९मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी ओपनएसएसएच काढलं. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे तेच असतं. म्हणजे इथे ज्या साधनांची चर्चा आहे ती सगळी एकच भाषा बोलतात. फरक पडतो तो किल्ल्या सांभाळण्यात आणि रोजच्या कामाच्या सवयींत.

पहिल्या जोडणीच्या वेळी काय होतं ते नीट बघा, कारण साधन कोणतंही असो, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नव्या सर्व्हरला जोडताना ओपनएसएसएच सांगतं की या होस्टची ओळख पटवता येत नाही, आणि खाली ‘एसएचए२५६’ या शब्दापुढे सर्व्हरच्या किल्लीचा ४३ अक्षरांचा ठसा दाखवतं. शंभरातले बहुतेक जण न वाचता ‘यस’ टाइप करतात. खरं तर त्याच ओळीत तिसरा पर्याय दिलेला असतो: यस, नो किंवा फिंगरप्रिंट. सर्व्हरच्या कन्सोलवरून मिळवलेला ठसा तिथे पेस्ट केला की तुलना प्रोग्रामच करतो, डोळ्यांनी अक्षरं जुळवत बसावं लागत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड मशीनवर हा ठसा पहिल्या बूटच्या सिस्टिम लॉगमध्ये छापलेला असतो. हाताशी कन्सोल असेल तर ‘ईटीसी’खालच्या ‘एसएसएच’ फोल्डरमधल्या होस्ट कीच्या ‘पब’ फाइलवर एसएसएच-कीजेन ‘एलएफ’ पर्यायासह चालवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पुढे कधी ‘होस्टची ओळख बदलली आहे’ असा मोठा इशारा आला, तर सर्व्हर नव्याने बसवला होता का, आयपी दुसऱ्या मशीनला गेला का, हे आधी विचारा. त्यानंतरच एसएसएच-कीजेनच्या मोठ्या ‘आर’ पर्यायाने जुनी नोंद काढा. ‘नोन-होस्ट्स’ ही अख्खी फाइल उडवणं हा उपाय नाही. त्याने बाकी सगळ्या सर्व्हरची पटलेली ओळखही पुसली जाते.

विंडोजमधलंच ओपनएसएसएच

स्पष्टच सांगायचं तर, दहातल्या आठ जणांना वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएच क्लायंट विंडोजचा अधिकृत भाग आहे. दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून घ्यावा. त्याच्या जोडीला विंडोज टर्मिनल घेतलं की टॅब आले, खिडकी दुभागता आली, आणि अनेक ओळींचा मजकूर पेस्ट होण्याआधी इशाराही मिळतो.

या जोडीची खरी ताकद मात्र एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. तुमच्या युजर फोल्डरात ‘डॉट एसएसएच’ नावाचं फोल्डर, त्यात ‘कॉन्फिग’ नावाची फाइल. प्रत्येक सर्व्हरसाठी चार-पाच ओळी लिहायच्या: ‘होस्ट’पुढे तुम्हाला सोयीचं टोपणनाव, ‘होस्टनेम’पुढे पत्ता, ‘युजर’, ‘पोर्ट’ आणि ‘आयडेंटिटीफाइल’. मग टर्मिनलमध्ये नुसतं ‘एसएसएच’ आणि टोपणनाव लिहिलं की काम झालं. हीच फाइल गिट वापरतं, व्हीएस कोड वापरतं, एससीपी आणि एसएफटीपीही वापरतात. उद्या मॅकवर किंवा लिनक्सवर गेलात तर किल्ल्यांच्या जागा बदलून हीच फाइल घेऊन जा. दुसऱ्या कुठल्याही साधनाची सेशन यादी इतकी सहज हलवता येत नाही.

नवशिक्यांची पहिली अडचण इथे अगदी क्षुल्लक असते. नोटपॅड ती फाइल ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ म्हणून सेव्ह करतं, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, आणि ‘सगळं लिहूनही चालत नाही’ म्हणत तास जातो. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि शेपूट काढून टाका.

दुसरी अडचण: ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’. योग्य की असूनही सर्व्हर हाकलून देतो. कारण असं की एजंटमध्ये (किल्ल्या हाताशी ठेवणारा छोटा प्रोग्राम) सात-आठ किल्ल्या भरलेल्या असतात, क्लायंट त्या एकेक करून पुढे करतो, आणि सर्व्हर मुळात सहाच प्रयत्न देतो. तुमची खरी की सातव्या नंबरवर. कॉन्फिगमध्ये त्या होस्टखाली ‘आयडेंटिटीजओन्ली यस’ लिहिलं की फक्त नेमून दिलेली की पुढे केली जाते.

तिसरी: ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’. की डाउनलोड फोल्डरातून किंवा पेनड्राइव्हवरून आणलेली असली की मशीनवरच्या इतर खात्यांनाही ती वाचायची परवानगी असू शकते, आणि तशी असली तर ओपनएसएसएच ती वापरायलाच नकार देतं. ते बरोबरच करतं. फाइलच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या वाटेने जाऊन वारशाने आलेल्या परवानग्या बंद करा आणि फक्त तुमचं खातं ठेवा. लिनक्स-मॅकवर की फाइलला ६०० आणि फोल्डरला ७०० परवानगी दिली की पुरतं.

एजंटची सेवा विंडोजवर मुळात बंद असते. सर्व्हिसेसमध्ये ‘ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट’ शोधून ऑटोमॅटिक करा आणि सुरू करा. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. लिनक्सवर एजंट बंद झाला की त्यातल्या किल्ल्या जातात. विंडोजचा एजंट त्या रजिस्ट्रीत तुमच्या लॉगिनशी बांधून कायमच्या ठेवतो. एकदा एसएसएच-ॲडने की भरली की मशीन रीस्टार्ट केल्यावरही पासफ्रेज (कीला लावलेला पासवर्ड) विचारला जात नाही. सोय आहे, पण तुमच्या खात्यात घुसलेल्या मालवेअरलाही तीच सोय मिळते. महत्त्वाच्या, प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरची की एजंटमध्ये भरून ठेवू नये, दर वेळी पासफ्रेज द्यावा. त्याहून चांगलं म्हणजे फिडो प्रकारची यूएसबी किल्ली. तिचा आधार ओपनएसएसएचमध्ये २०२०च्या ८.२ आवृत्तीपासून आहे, विंडोजवर त्याची नवी आवृत्ती असावी लागते. किल्लीला बोट लावल्याशिवाय लॉगिन होत नाही, आणि लॅपटॉपवरची फाइल चोरून कुणाला काही साधत नाही.

एक उणीव मात्र खरी आहे: एकाच जोडणीवर अनेक सेशन चालवणारी ‘कंट्रोलमास्टर’ची सोय विंडोजच्या ओपनएसएसएचमध्ये चालत नाही. दिवसभरात शेकडो छोट्या जोडण्या करणाऱ्याला ते जाणवतं. त्याने डब्ल्यूएसएलमधलं (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) लिनक्स वापरावं, तिथे ती चालते.

पुटी

सायमन टॅथम यांची पुटी १९९९च्या सुमारास लोकांपुढे आली आणि अजूनही तिचा आवृत्ती क्रमांक शून्यानेच सुरू होतो. छोटी, फुकट, मुक्त परवान्याची, इन्स्टॉल न करताही चालणारी. राउटर आणि स्विचला सीरियल केबल लावून बोलायचं असेल तर आजही आधी हात पुटीकडेच जातो, आणि तो योग्यच जातो. कंपनीच्या जखडलेल्या मशीनवर जिथे दुसरं काही बसवता येत नाही, तिथेही तीच कामाला येते.

पण तिच्या सवयी जुन्या आहेत. टॅब नाहीत. सेटिंग बदललं आणि वरच्या ‘सेशन’ पानावर परत जाऊन ‘सेव्ह’ दाबलं नाही तर बदल हवेत विरतो. ही तक्रार गेली वीस वर्षं तशीच ऐकू येते. उजवं बटण दाबलं की क्लिपबोर्डवर असेल ते थेट टर्मिनलमध्ये पडतं, इशारा नाही. ‘सिलेक्शन’ पानावर माउसची कृती ‘विंडोज’ प्रकारावर ठेवा, म्हणजे उजव्या बटणाने आधी मेनू येईल. मागे सरकून बघायला मुळात २००० ओळीच मिळतात, त्या वाढवा. ‘कनेक्शन’ पानावरचं कीपअलाइव्ह शून्यावर, म्हणजे बंद असतं. तिथे ६० टाका. घरच्या ब्रॉडबँडवर चहाला उठून आलात आणि सेशन गोठलेलं दिसलं, तर बहुधा मधल्या राउटरने शांत पडलेली जोडणी विसरून टाकलेली असते. दर मिनिटाला एक छोटं पॅकेट गेलं की ते थांबतं. ओपनएसएसएचमध्ये हेच काम कॉन्फिगमधला ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ करतो. हे सगळे बदल ‘डिफॉल्ट सेटिंग्ज’वर सेव्ह करून ठेवले तर पुढच्या प्रत्येक नव्या सेशनला आपोआप लागू होतात.

किल्लीचा प्रकारही वेगळा. पुटीला ‘पीपीके’ फाइल लागते. क्लाउडवरून मिळालेली ‘पेम’ फाइल पुटीच्या जोडीच्या पुटीजेन या प्रोग्रामच्या ‘कन्व्हर्जन्स’मधून आत घेऊन बदलावी लागते. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पुढची आहे. पुटीजेनमध्ये ‘सेव्ह पब्लिक की’ बटण दाबून निघालेली फाइल सर्व्हरच्या ‘ऑथराइज्ड-कीज’मध्ये (प्रवेश दिलेल्या किल्ल्यांची यादी) चालत नाही. तिच्यात अनेक ओळी असतात आणि तिथे अख्खी की एका ओळीत हवी. खिडकीच्या वरच्या चौकटीतला मजकूर उचला, तो बरोबर असतो. ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’ असं पुटी म्हणाली की आधी हे तपासा, मग युजरनेम (उबुंटूच्या क्लाउड मशीनवर ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसी२-युजर’), मग पुटीची आवृत्ती. ओपनएसएसएच ८.८पासून एसएचए-१वर आधारलेली जुनी आरएसए सही नाकारली जाते, त्यामुळे जुनाट पुटी नव्या उबुंटूवर अडते.

आवृत्तीचं आणखी एक, आणि फार गंभीर कारण आहे. पुटी ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत ‘पी-५२१’ प्रकारच्या ईसीडीएसए किल्लीची सही करताना वापरला जाणारा यादृच्छिक आकडा पुरेसा यादृच्छिक नव्हता, त्याचे पहिले नऊ बिट कायम शून्य निघत. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे एप्रिल २०२४मध्ये उघड केलं. साधारण ६० सह्या हाती लागल्या की त्यातून प्रायव्हेट की काढता येते. ०.८१मध्ये दुरुस्ती झाली, पण या जुन्या आवृत्त्यांबरोबर वापरलेली पी-५२१ की नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून सुरक्षित होत नाही. ती टाकून द्यायची, प्रत्येक सर्व्हरच्या ऑथराइज्ड-कीजमधून काढायची आणि ईडी२५५१९ प्रकारची नवी बनवायची. पुटीचाच कोड वापरणाऱ्या विनएससीपी आणि फाइलझिला या फाइल पाठवायच्या साधनांनाही हा दोष लागला होता.

डाउनलोड करताना नावावर जाऊ नका. सर्च इंजिनच्या जाहिरातींतून खोटी पुटी वाटण्याचे प्रकार अनेकदा झाले आहेत, आणि ‘पुटी डॉट ऑर्ग’ हा पत्ता पुटी लिहिणाऱ्यांचा नाही. टॅथम यांच्या स्वतःच्या पानावरून घ्या आणि फाइलची डिजिटल सही बघा.

मोबाएक्सटर्म आणि बाकी मंडळी

फ्रान्समधल्या मोबाटेकचं मोबाएक्सटर्म हे सगळं एकाच डब्यात भरून देतं: टॅब, डावीकडे एसएफटीपीचं फाइल झाड, लिनक्सच्या खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर, दूरचा डेस्कटॉप उघडणारे आरडीपी आणि व्हीएनसी. सर्व्हरवरचा ग्राफिकल प्रोग्राम आपल्या पडद्यावर उघडायचा असेल, तर विंडोजवर याच्याइतकं बिनकटकटीचं दुसरं काही नाही. फुकटच्या होम आवृत्तीत १२ सेशन, २ टनेल आणि ४ मॅक्रो साठवता येतात, आणि कंपनीत वापरायचं तर प्रोफेशनल घ्यावं अशी मोबाटेकची अपेक्षा आहे. तेरावा सर्व्हर आला की खर्च मंजूर करून घ्यायची तयारी ठेवा.

सुरक्षेच्या बाजूने तीन ठिकाणी हात घालावा लागतो. एसएसएच सेशनमध्ये एक्स-११ फॉरवर्डिंगची (सर्व्हरवरच्या खिडक्या तुमच्या पडद्यावर आणायची सोय) खूण आधीच केलेली असते. ज्या सर्व्हरवर त्याचं काम नाही तिथे ती काढा, कारण हॅक झालेला सर्व्हर त्याच वाटेने तुमच्या पडद्यापर्यंत येऊ शकतो. पासवर्ड साठवायचेच असतील तर मास्टर पासवर्ड आधी लावा, नाहीतर साठवू नका. आणि मल्टिएक्झेक, म्हणजे एक कमांड एकाच वेळी सगळ्या टॅबमध्ये. ती वापरून झाल्याक्षणी बंद करा. एका सर्व्हरसाठी लिहिलेली डिलीटची ओळ सहा सर्व्हरवर जायला एकच एंटर लागतो. डावीकडचं फाइल झाड ‘परमिशन डिनाइड’ म्हणत असेल तर ते बिघडलेलं नाही. टर्मिनलमध्ये तुम्ही सुडो करून रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, झालात तरी ते झाड लॉगिन केलेल्या साध्या युजरचंच राहतं.

सिक्युअरसीआरटी हे असंच एक साधन उत्तम आहे आणि महाग आहे. नेटवर्क उपकरणं सांभाळणाऱ्या मोठ्या गटाला परवडतं, एकट्याला नको. एक्सशेल या नेटसारंग कंपनीच्या साधनाबद्दल २०१७ची घटना माहीत असावी. जुलैमध्ये नेटसारंगने काढलेल्या एक्सशेल ५च्या एका बिल्डमध्ये कुणीतरी चोरदार (बॅकडोअर) घुसवलं होतं. फाइलवर कंपनीची खरी डिजिटल सही होती, तरीही. ऑगस्टमध्ये कॅस्परस्कीने ते शोधलं. म्हणजे सही बघणं आवश्यकच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. साधनाच्या सुरक्षा सूचना येतील तिथे नाव नोंदवून ठेवायला हवं.

टर्मियस फोनवर खरोखर सुरेख चालतं. फोन-लॅपटॉप अशा सगळ्या उपकरणांवर सेशन यादी आणि किल्ल्या सिंक होणं ही त्याची पैसे भरून मिळणारी सोय. स्वतःच्या दोन-तीन मशीनसाठी जरूर घ्या. कंपनीच्या सर्व्हरचे पत्ते आणि किल्ल्या, एन्क्रिप्ट करून का होईना, बाहेरच्या क्लाउडवर ठेवायला मात्र लेखी परवानगी हवी. अँड्रॉइडवर फुकट पर्याय म्हणजे एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घेतलेलं टर्मक्स हे टर्मिनल ॲप. त्यात ओपनएसएसएच बसवलं की वरची तीच कॉन्फिग फाइल तिथेही चालते.

घाटात तुटणारी जोडणी

मुंबई-पुणे गाडीत कर्जत ते लोणावळा बोगद्यांमागून बोगदे लागतात. तिथे साधं एसएसएच टिकत नाही, साधन कोणतंही असो. मॉश नावाचं साधन टिकतं. लॉगिन एसएसएचनेच होतं आणि पुढचं बोलणं यूडीपीवर चालतं, त्यामुळे नेटवर्क जाऊन आलं, आयपी बदलला, वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, तरी सेशन तसंच राहतं. त्यासाठी सर्व्हरवर मॉश बसवावं लागतं आणि फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० पोर्ट उघडावे लागतात. एकट्याचा वापर असेल तर दहा पोर्टही पुरतात. सुरू होताना ‘यूटीएफ-८ लोकेल हवं’ म्हणून अडलं तर सर्व्हरवर लोकेल तयार करा. मॉशमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग नाही आणि मागे सरकून वाचता येत नाही. मोबाएक्सटर्म आणि टर्मियस दोन्ही मॉश बोलतात.

मॉश असो वा नसो, लांबलचक काम टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करावं. डेटाबेसचं अपग्रेड साध्या सेशनमध्ये लावलं आणि जोडणी तुटली, तर अपग्रेड अर्ध्यावर मरू शकतं. टीमक्समध्ये कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या, नंतर ‘टीमक्स अटॅच’ करून परत जा. काम चालूच असतं.

मराठी फाइलनावं किंवा लॉग सर्व्हरवर असतील तर आणखी एक कसोटी लावा. पुटीत ‘ट्रान्सलेशन’ पानावर यूटीएफ-८ निवडलेलं आहे याची खात्री करा. तरीही जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडलेल्या दिसतील, कारण पुटी देवनागरीची अक्षरजुळणी करत नाही. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त दिसतो तसा. विंडोज टर्मिनलच्या नव्या आवृत्त्या यात बऱ्याच सुधारल्या आहेत. लिनक्सवर एमएलटर्म हे टर्मिनल बघा.

जंप होस्ट

बऱ्याच कंपन्यांत आतल्या सर्व्हरवर थेट जाता येत नाही, मधल्या एका मशीनवरून जावं लागतं. इथे जुनी सवय म्हणजे एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे आपला एजंट मधल्या मशीनवरूनही वापरता येईल असं करणं. ती सोडा. मधल्या मशीनवर रूट असलेला कुणीही, तुम्ही जोडलेले असाल तोवर, तुमच्या एजंटकडून हव्या त्या सर्व्हरसाठी सही करून घेऊ शकतो. त्याऐवजी कॉन्फिगमध्ये ‘प्रॉक्सीजंप’ आणि मधल्या मशीनचं टोपणनाव लिहा. मग मधलं मशीन फक्त पाइप होतं, आणि सही तुमच्या लॅपटॉपवरून थेट आतल्या सर्व्हरशी होते. जुन्या विंडोज १०वर ‘पॉझिक्स स्पॉन’ची चूक दिसली तर ओपनएसएसएच नवं करा, किंवा प्रॉक्सीकमांडमध्ये एसएसएचच्या एक्झी फाइलचा पूर्ण पत्ता द्या. पुटीत हीच सोय ‘प्रॉक्सी’ पानावर आहे.

कोणतंही साधन निवडलंत तरी सर्व्हर जर अजून पासवर्ड स्वीकारत असेल, तर किल्ल्यांचा सगळा खटाटोप वाया. सर्व्हरवरच्या ‘एसएसएचडी कॉन्फिग’ या मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहून भागत नाही. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरात क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला मशीन तयार करणारा प्रोग्राम) एक छोटी फाइल असू शकते, तिच्यात ‘यस’ असू शकतं, आणि आधी वाचलेली ओळ जिंकते. बदल केल्यावर ‘एसएसएचडी’ छोट्या ‘टी’सह चालवून फाइलमध्ये चूक नाही ना बघा, मोठ्या ‘टी’सह चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते वाचा. सेवा रीस्टार्ट करताना चालू सेशन बंद करू नका. दुसऱ्या टॅबमधून, पब्लिक की मुद्दाम बंद ठेवून लॉगिन करून बघा. पासवर्ड विचारला तर काम अपुरं आहे. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ एवढंच आलं, तर पहिला टॅब बंद करायला हरकत नाही.